गुलबर्ग्याची जामा मशीद : एका इमारतीचे वाचन

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील जामा मशिदीविषयी मराठीत किंवा इंग्रजीत काहीही वाचायला घेतले, की पहिल्या दोन-तीन वाक्यांत कॉर्डोव्हा येतेच. स्पेनमधील त्या विख्यात मशिदीची ही प्रतिकृती आहे, किंवा निदान तिच्यावरून ही सुचलेली आहे, असे पर्यटनाच्या पुस्तिका सांगतात, वाटाडे सांगतात आणि शालेय सहलीचे शिक्षकही सांगतात. हे विधान इतक्यांदा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. आम्हांला मात्र वाटते की या एका उपमेने मशिदीचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे सहा शतकांच्या ऊन-पावसानेही केलेले नाही. एखाद्या मराठी कवीला ‘महाराष्ट्राचा शेली’ म्हटले, की त्याची कविता वाचण्याची गरजच उरत नाही. तसेच काहीसे येथे झाले आहे. वास्तूकडे पाहण्यापूर्वीच तिचे उत्तर आपल्या हाती दिलेले असते.

म्हणून ही उपमा आधी बाजूला करू. कॉर्डोव्हाच्या मशिदीचे काम पहिल्या अब्द अल-रहमानने आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू केले. तिथे सडपातळ गोल स्तंभ आहेत, त्यांतले कित्येक जुन्या रोमन इमारतींतून आणलेले. त्यांवर नालाच्या आकाराच्या, एकावर एक अशा दुहेरी कमानी आहेत. छत प्रामुख्याने लाकडी आहे. आणि सभागृहापुढे नारिंगीच्या झाडांचे मोठे प्रांगण आहे. गुलबर्ग्याला यांपैकी काहीही नाही. तिथे चौकोनी, जाड, गिलावा केलेले दगडी खांब आहेत. कमानी टोकदार आणि एकेरी आहेत. छत म्हणजे घुमटांची रांग आहे. आणि प्रांगण तर मुळातच नाही. दोन्हींत साम्य आहे ते एवढेच, की आत उभे राहिले असता खांबांच्या आणि कमानींच्या ओळी दूरवर जाताना दिसतात. हे साम्य डोळ्यांचे आहे, रचनेचे नाही. केवळ दीर्घ समासांच्या आधारे दोन कवींचे नाते जुळवावे, त्यातला हा प्रकार आहे.

उपमा बाजूला केली की उरते ती एक अत्यंत चमत्कारिक इमारत. चमत्कारिक हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरत आहोत.

मुंबईहून सोलापूरमार्गे वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गुलबर्गा लागते. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले असले, तरी सोलापूर-उस्मानाबादकडच्या बोलण्यात गुलबर्गा हेच नाव अजून रुळलेले आहे, आणि बहमनी इतिहासाच्या संदर्भात आम्हीही तेच ठेवतो. १३४७ मध्ये अलाउद्दीन हसन बहमनशहाने दिल्लीच्या तुघलकांपासून फुटून दख्खनमध्ये स्वतंत्र राज्य स्थापले आणि राजधानी दौलताबादेहून येथे आणली. मराठी वाचकाने हे साल आपल्या ओळखीच्या सालांशेजारी ठेवून पाहावे. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० ची. तिच्यानंतर सत्तावन्न वर्षांनी बहमनी राज्य उभे राहते. नामदेवांचे निर्वाण परंपरेने १३५० मध्ये मानले जाते; म्हणजे हे राज्य तीन वर्षांचे असताना नामदेव हयात होते. आपल्या वाङ्मयेतिहासात ही दोन जगे दोन वेगळ्या प्रकरणांत, बहुधा दोन वेगळ्या पुस्तकांत राहतात. प्रत्यक्षात ती एकाच भूमीवर, एकाच पावसावर अवलंबून जगत होती.

किल्ल्याचा खंदक ओलांडून आत गेले की बालाहिसारचा प्रचंड बुरूजवजा कोट दिसतो, आणि त्याच्यापासून काही अंतरावर ही मशीद. बाहेरून ती भव्य वाटत नाही. उंच मिनार नाहीत, कोरीवकाम नाही, रंगीत फरशा नाहीत. बुटक्या, रुंद कमानींची एक लांबलचक ओळ आणि तिच्यावर घुमटांचे उंचवटे एवढेच दिसते. आम्ही गेलो तेव्हा दुपारची वेळ होती आणि आत आमच्याखेरीज फारतर चार-पाच माणसे असतील. शहराचा आवाज किल्ल्याच्या तटाबाहेरच राहिला होता. अशा शांततेत इमारत मोजून पाहता येते, आणि ही इमारत मोजूनच पाहावी लागते.

पूर्व-पश्चिम २१६ फूट आणि दक्षिणोत्तर १७६ फूट अशी तिची मापे एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी आपल्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात नोंदवली. हिशेब केला तर अडतीस हजार चौरस फुटांहून अधिक क्षेत्र भरते, आणि हे सारे क्षेत्र छताखाली आहे. यातच तिचे वेगळेपण आहे. भारतातील जामा मशिदीची नेहमीची मांडणी आपल्या परिचयाची असते : मधोमध मोठे उघडे प्रांगण, त्यात वजूसाठी हौद, तीन बाजूंना ओवऱ्या आणि पश्चिमेला, म्हणजे किब्ल्याच्या दिशेला, नमाजाचे दालन. शुक्रवारी जमणारा मोठा समुदाय त्या उघड्या प्रांगणात सामावतो, आणि दालनाला उजेडही तिथूनच मिळतो. गुलबर्ग्याच्या रचनाकाराने प्रांगण हा मधला अवयवच काढून टाकला. जिथे आकाश असायला हवे, तिथे त्याने साठाहून अधिक लहान घुमटांचे छत घातले.

प्रांगण काढले की उजेडाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर ही या इमारतीची खरी बुद्धिमत्ता आहे. प्रांगणवाल्या मशिदीच्या बाह्य भिंती बंद असतात आणि ती आत, आकाशाकडे उघडते. येथे नेमके उलटे केले आहे. पश्चिमेची किब्ल्याची भिंत तेवढी बंद; उरलेल्या तिन्ही बाजू कमानींनी बाहेर उघडलेल्या. उजेड वरून पडत नाही, बाजूंनी शिरतो. या बाजूच्या ओवऱ्यांच्या कमानी अतिशय रुंद आहेत, आणि ज्या खांबांवरून त्या उठतात ते मात्र कमालीचे आखूड आहेत. कमान जणू जमिनीतूनच उगवते आणि डोक्यावरून दूर जाऊन पुन्हा जमिनीत उतरते. त्या ओवरीतून चालताना बोगद्यातून गेल्यासारखे वाटते. पण बोगदा एका बाजूने उघडा असल्याने प्रकाशाचे रुंद पट्टे आत येत राहतात. रुंद पसाऱ्याची आणि आखूड खांबांची ही कमान पुढे दख्खनी वास्तूंत वारंवार भेटते. तिचे पहिले ठळक रूप येथे आहे.

ओवरी ओलांडून मधल्या भागात गेले की कमानींचा स्वभाव बदलतो. येथे खांब जवळजवळ आहेत, कमानी अरुंद आणि त्यामानाने उंच आहेत, आणि प्रत्येक चार खांबांच्या चौकावर एक लहान घुमट आहे. सरळ रेषेत पाहिले तर एकामागून एक कमानींचा मार्ग दिसतो. दोन पावले बाजूला सरले की तोच मार्ग मोडतो आणि तिरका नवा मार्ग उघडतो. पश्चिमेस, मेहराबीपुढे, नऊ चौकांएवढी जागा मोकळी ठेवून तिच्यावर एकच मोठा घुमट घातला आहे. तो इतरांपेक्षा खूप उंच आहे, कारण त्याच्याखाली खिडक्या असलेला एक चौकोनी मजलाच उभारला आहे. त्या उंचावरच्या खिडक्यांतून थोडा उजेड नेमका मेहराबीसमोर उतरतो. चार कोपऱ्यांवर चार मध्यम घुमट आहेत. असे हे पाच मोठे घुमट आणि त्यांच्यामध्ये लहानांची रांग : सारी रचना गणितासारखी स्वच्छ आहे. अलंकार म्हणावे असे काही असेलच, तर ते मोठ्या घुमटाखालच्या कोपऱ्यांतील त्रिदली कमानींत आहे. बाकी सर्वत्र पांढरा गिलावा आणि त्यावरची सावली.

अशी इमारत कोणी बांधली? याचे उत्तर एका शिलालेखात आहे, आणि भारतातील इतक्या जुन्या मशिदींच्या बाबतीत ते दुर्मीळ म्हणावे लागेल. हिजरी ७६९, म्हणजे इ.स. १३६७ हे साल आणि रफी बिन शम्स बिन मन्सूर कझवीनी हे नाव त्यात आहे. कझवीन हे वायव्य इराणमधले शहर. राज्य पहिल्या मुहम्मदशहाचे, ज्याची कारकीर्द १३५८ ते १३७५ अशी आहे. गेल्या शतकाच्या आरंभी वूल्झी हेग यांनी गुलबर्ग्याचे शिलालेख प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून प्रत्येक ग्रंथात ही नोंद स्थिर झाली : १३६७, रफी, इराणी वास्तुकार. एखाद्या ग्रंथाला कर्ता आणि काळ एकदा मिळाला, की पुढच्या अभ्यासाला कसे बळ येते हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. इमारतीतल्या प्रत्येक वेगळेपणाचे मूळ मग इराणात शोधता येते. खुले प्रांगण का नाही? इराणी वास्तुकाराची कल्पना. रुंद कमान का? इराणी परंपरा. कर्त्याचे नाव हेच कृतीचे स्पष्टीकरण ठरते.

पण इराणी मशिदींनाही प्रांगण असतेच. किंबहुना चार बाजूंना चार उंच दालने आणि मध्ये प्रांगण ही त्या देशाचीच लाडकी रचना आहे. तेव्हा रफीच्या जन्मगावावरून छताचा उलगडा होत नाही. जवळचा शोध घ्यायचा तर दिल्लीकडे पाहावे लागते. फिरोजशहा तुघलकाचा वजीर खानजहान जुनानशहा याच्या नावाशी जोडलेल्या दिल्लीतील खिडकी मशिदीवर नऊ-नऊच्या गटांनी एक्याऐंशी लहान घुमट आहेत, आणि प्रांगणाऐवजी चार छोटे उघडे चौक आहेत. तीही चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे गुलबर्ग्याची समकालीनच. दूर अनातोलियात बुर्सा येथे १३९९ च्या सुमारास पूर्ण झालेली उलू जामी ही वीस घुमटांची आच्छादित मशीद आहे. प्रांगण झाकावे की उघडे ठेवावे हा प्रश्न त्या शतकात अनेक ठिकाणी, अनेकांना पडलेला दिसतो. प्रत्येकाने आपापले उत्तर दिले. गुलबर्ग्याचे उत्तर सर्वांत टोकाचे होते; आणि त्याचे अनुकरण दख्खनमध्ये झाले नाही. पुढे विजापूरची जामा मशीद बांधताना आदिलशहांनी पुन्हा विस्तीर्ण प्रांगणाचीच रचना स्वीकारली.

एवढ्यावर हा विषय संपला असता तर तो वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांपुरता राहिला असता. परंतु २०१४ मध्ये हेलन फिलॉन या अभ्यासिकेने एक मूलभूत शंका मांडली. बहमनी वास्तुकलेवर त्यांचा दीर्घ अभ्यास आहे. त्यांच्या मते ही इमारत मुळात मशीद नव्हतीच. फिरोजशहा बहमनीच्या काळातला, म्हणजे १३९७ ते १४२२ मधला, तो दरबार होता. ‘हजार सुतून’, सहस्रस्तंभी सभागृह. दिल्लीच्या सुलतानांना अशा सभागृहांचे आकर्षण होते. मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीतील हजार सुतूनचे वर्णन इब्न बतूताने केलेले आहे. दिल्लीपासून फुटून निघालेल्या राज्याने दिल्लीच्याच वैभवाची भाषा बोलावी, यात अस्वाभाविक काही नाही.

हा सिद्धान्त ऐकला की इमारतीतल्या साऱ्या अडचणी एकदम बोलू लागतात. मिनार नाहीत. हौद नाही. प्रांगण नाही. तीन बाजू उघड्या आहेत. प्रार्थनेला लागणारा आडोसा नाही, पण दरबाराला लागणारा प्रवेश मात्र भरपूर आहे. जागा किल्ल्याच्या आत, सत्तेच्या अगदी जवळ आहे. आणि शहरात शाहबाजार मशीद ही दुसरी मोठी, रीतसर प्रांगणाची मशीद त्याच राजघराण्याच्या काळात उभी होती. नगरवासीयांची शुक्रवारची प्रार्थना तिथे होत असेल, तर किल्ल्यातील या इमारतीला आपले काम वेगळे असण्याची मुभा होती.

उलट बाजूही तेवढीच बलवान आहे, आणि ती मांडल्याखेरीज न्याय होणार नाही. पश्चिमेची भिंत बंद आहे आणि तिच्यात मेहराब आहे. सारी रचना त्या मेहराबीकडे तोंड करून उभी आहे. सर्वांत मोठा घुमट तिच्याच पुढे आहे. मेहराबीपुढचा घुमट उंच चौकोनी मजल्यावर चढवण्याची पद्धत पुढे बीदरच्या किल्ल्यातील सोळाखांब मशिदीतही दिसते, जिचा लेख हिजरी ८२७ चा, म्हणजे १४२३-२४ चा आहे. शिवाय १३६७ चा शिलालेख आहेच. तो बाजूला सारायचा, तर तो येथला नव्हे किंवा या इमारतीविषयी नव्हे, असे मानावे लागते.

आम्हांला येथे निर्णय द्यायचा नाही. तो अधिकार उत्खनन करणाऱ्यांचा आणि लेख वाचणाऱ्यांचा आहे. आम्हांला रस आहे तो या वादाच्या आकारात, कारण तो मराठीच्या विद्यार्थ्याला चांगलाच ओळखीचा आहे. ही पाठचिकित्सा आहे. शिलालेख म्हणजे पोथीच्या शेवटची पुष्पिका. पुष्पिका काळ सांगते, लेखकाचे नाव सांगते. पण ती कोणाच्या काळाची आणि कोणत्या लेखकाची, हे तपासावे लागते. नकलाकार जुन्या पोथीची पुष्पिका जशीच्या तशी उतरवून घेतो, आणि दगड तर उचलून दुसऱ्या भिंतीतही बसवता येतो. ज्ञानेश्वरीचा काळ आपण शके १२१२ सांगणाऱ्या ओवीवरून ठरवतो. पण आपल्या हाती येणाऱ्या ज्ञानेश्वरीच्या मागे शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये एकनाथांनी केलेले पाठशोधनही उभे आहे. मग ग्रंथ कोणत्या काळचा? १२९० चा की १५८४ चा? ज्याने ग्रंथाचे वाचन गांभीर्याने केले आहे तो एका शब्दात उत्तर देत नाही. पहिल्या रचनेचा काळ एक, संस्काराचा दुसरा, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पारायणाचा तिसरा. गुलबर्ग्याच्या इमारतीलाही असे तीन काळ असू शकतात. ती दरबार म्हणून बांधली गेली असली, तरी ज्या दिवसापासून लोकांनी तिथे रांगा धरून नमाज पढला, त्या दिवसापासून ती मशीद आहे. मूळ हेतू हा इमारतीच्या आयुष्यातला एक प्रसंग असतो. तिच्यावरची अखेरची मालकी नव्हे.

हे म्हणणे आम्ही मुद्दाम ठासून मांडतो, कारण अलीकडे आपल्या देशात इमारतीचा पहिला हेतू शोधणे हे केवळ विद्वानांचे काम राहिलेले नाही. ‘ही मुळात मशीद नव्हतीच’ हे वाक्य फिलॉन यांच्या लेखनात एक प्रकारचे असते आणि रस्त्यावर उच्चारले की दुसऱ्या प्रकारचे होते. पहिल्यात कुतूहल असते, दुसऱ्यात दावा. शब्द तेच असतात. गुलबर्ग्यापूर्वीच्या राजधानीत, दौलताबादेत, १३१८ मध्ये कुत्बुद्दीन मुबारक खलजीच्या काळात उभी राहिलेली जामा मशीद आहे. तिच्यात जुन्या देवळांचे खांब वापरलेले स्पष्ट दिसतात. आणि हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर, म्हणजे १९४८ नंतर, तिच्या मेहराबीच्या जागी भारतमातेची मूर्ती बसवली गेली. त्या एका वास्तूत तीन हेतू एकमेकांवर रचलेले आहेत आणि त्यांतला एकही खोटा नाही. देवळांचे खांब तिथे कसे आले हे सांगायला लाजू नये, आणि मूर्ती तिथे कधी आली हे सांगायलाही लाजू नये. इतिहासाच्या शिक्षकाची लायकी यावर ठरते की तो या तिन्ही गोष्टी एका तासात, एका सुरात सांगू शकतो की नाही.

मराठी इतिहासलेखनाला हा सूर सहजी सापडलेला नाही. बहमनी राज्य आपल्याकडे बहुधा प्रस्तावनेपुरते येते. यादव गेले, मग काळोख, मग शिवाजी महाराज. आणि त्या काळोखाच्या पानांवर बहमनी सुलतानांची नामावळी. त्या काळात महाराष्ट्रात काही वेगळे घडत होते हे सांगणारे लेखक झाले नाहीत असे नाही. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि शहा मुंतोजींकडे आपले लक्ष वेधले. मृत्युंजय या नावाने मराठीत ग्रंथरचना करणारा हा संत परंपरेने बहमनी राजकुळातला मानला जातो, आणि त्याच्या नावापुढे ‘ब्रह्मणी’ असे लागते. बहमनीचे ब्रह्मणी होणे हा निव्वळ उच्चारदोष नाही. राजवंशाचे नाव ब्रह्माच्या शोधाशी जोडून घेणारी ती एक भाषिक कृती आहे.

भाषेपुरतेच बोलायचे तर पुरावा आपल्या तोंडातच आहे. या लेखात आम्ही ‘कमान’ हा शब्द कितीतरी वेळा वापरला. फार्सीत कमान म्हणजे धनुष्य. ‘तीरकमान’ या जोडशब्दात आपणही तो अर्थ जपला आहे. दगडाच्या वळणाला धनुष्य म्हणावे हे ज्याला सुचले, त्याने ती रचना उभी होताना पाहिली असली पाहिजे. ‘घुमट’ हा गुंबदाचाच मराठी अवतार आहे, आणि तो इतका आपला झाला की गोव्यातील मंगेशी आणि शांतादुर्गा येथील देवळांवर तो दिमाखाने चढला. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला. त्यामागचा अभिमान समजण्यासारखा आहे. परंतु कमान राहिली आणि घुमटही राहिला. माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला तेव्हा त्यांच्यासमोर परक्या भाषेची यादी नव्हती, आपल्याच घरातल्या वस्तूंची मोजदाद होती.

एक प्रश्न मात्र शब्दांनी सुटत नाही, आणि त्या मोकळ्या दालनात तोच आम्हांला अधिक सतावत राहिला. शिलालेखात रफीचे नाव आहे, त्याच्या बापाचे आणि आजाचेही आहे. पण अडतीस हजार चौरस फुटांवर छत घालायला किती दगड घडवावा लागला असेल, किती चुना भाजावा आणि मळावा लागला असेल, घुमटांना आधार द्यायला किती लाकूड उभे करावे लागले असेल? ती माणसे कझवीनहून आलेली नव्हती. ती इथलीच होती. कन्नड, तेलुगू, मराठी बोलणारी. त्यांची नावे कोणत्याही लेखात नाहीत. आणि फिलॉन म्हणतात तसे हे फिरोजशहाच्या काळातले बांधकाम असेल, तर आणखी एक गोष्ट आठवावी लागते. १३९६ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि लोकपरंपरेने बारा वर्षांचा मानलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाशी त्याच्या कारकिर्दीची पहिली वर्षे जुळतात. सुलतानाच्या सहस्रस्तंभी स्वप्नासाठी दगड वाहणे हे त्या वर्षांत कित्येकांना पोट भरण्याचे साधन झाले असेल, किंवा मरण्याचे.

अशा मजुराची एकच मृत्युकथा आपल्या वाङ्मयाने जपली आहे. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्यासाठी वेठीला धरलेल्या माणसांत चोखामेळा होते. कूस कोसळले आणि त्याखाली ते गेले. परंपरा हे साल शके १२६०, म्हणजे १३३८ देते. बहमनी राज्याच्या नऊ वर्षे आधीचे. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. राज्य कोणाचे होते याने त्या वेठीला फरक पडला नाही. यादवांच्या काळातही भिंती अशाच हातांनी उभ्या राहिल्या आणि सुलतानांच्या काळातही. चोखामेळ्यांचे नाव उरले कारण त्यांनी अभंग रचले होते आणि त्यांना नामदेव भेटले होते. गुलबर्ग्याच्या छताखाली काम केलेल्यांना ना अभंग मिळाला, ना नामदेव.

तेव्हा, आमच्या विद्यार्थी-वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. सोलापूरच्या पुढे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर ही इमारत उभी आहे. तिथे जाताना कॉर्डोव्हाला सोबत नेऊ नये. आत शिरल्यावर आधी उजेड कुठून येतो ते पाहावे, मग खांबांची उंची आणि कमानींचा पसारा डोळ्यांनी मोजावा. मशीद की दरबार हा वाद मनात चालू ठेवावा, पण तिथे कोणी नमाज पढत असेल तर वाद थांबवून बाजूला उभे राहावे. आणि निघण्यापूर्वी एखाद्या आखूड खांबाला हात लावून पाहावा. तो बरोबर खांद्याच्या उंचीखाली येतो. म्हणजे ज्याने तो घडवला, त्याला आपले काम वाकून करावे लागले असणार.